चेहऱ्यावरून लावलेला रंग

रंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. ‘टीव्ही व व्हीसीआर दुरुस्ती. परदेशी संच जुळवून मिळतील.’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांना रंगराव म्हणायला कुणी सुरुवात केली ते मला सांगता येणार नाही, पण कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. काळंपांढरं चित्र घेऊन गेलेला माणूस त्यांच्याकडून रंगीत चित्र घेऊन परत येई.

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. पस्तीस वर्षं झाली, दोन राहिली. एक कागद दुसऱ्याशी ताडून बघायचा, हेच माझं काम. त्या सवयीनेच हे लिहितो आहे: घडलं त्या क्रमाने, आणि जे मी स्वतः पाहिलं ते आणि रंगरावांनी मला नंतर सांगितलं ते यांची सरमिसळ न करता. लिहायला त्यांची परवानगी आहे. ‘लिही, पण मला शहाणा करू नकोस,’ एवढी एकच अट त्यांनी घातली.

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होतं. आत गेलं की सोल्डरिंगच्या धुराचा वास यायचा. भिंतीलगत लांब टेबल, त्यावर पाठी उघड्या टाकलेले संच, आणि त्यांच्या समोर माणसाच्या छातीएवढा एक आरसा. नवख्या गिऱ्हाइकाला त्या आरशाचं कोडं पडे. टीव्हीच्या दुकानात आरसा कशाला? पण त्यात कोडं काही नव्हतं. दुरुस्ती मागच्या बाजूने करायची असते आणि चित्र दिसतं पुढच्या बाजूने. त्यामुळे हात मागे घालायचा आणि चित्र आरशात बघायचं. शेजारचा शिंपी म्हणायचा, या माणसाने जन्मभर जग उलटंच पाहिलं. रंगराव म्हणायचे, तू तरी काय पाहिलंस, लोकांच्या कमरा.

त्या काळी परदेशात नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टीव्ही घेऊन येत. प्रवासभर लेकरासारखा सांभाळलेला तो संच घरी लावला की चित्र वर वर सरकत राही, रंगाचा पत्ता नसे, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. घरातले सगळे आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि तो बिचारा मान खाली घालून खोका उघडून पावती शोधू लागे. मग तो संच रंगरावांकडे यायचा. ते पहिल्यांदा त्या माणसाची समजूत काढत, की तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानामागच्या खोलीत विणत बसलेल्या असत. त्यामुळे रंगरावांचं उदाहरण कायम विणकामाचं. चित्र म्हणजे ओळीओळींनी विणलेलं कापड, ते सांगत. आपल्या देशाने ठरवलं, सहाशे पंचवीस ओळींत विणायचं आणि सेकंदाला पन्नास वेळा पडद्यावरून हात फिरवायचा. त्या देशाने ठरवलं, पाचशे पंचवीस ओळी आणि साठ वेळा. आपल्या पद्धतीचं नाव पाल, त्यांच्या पद्धतीचं एनटीएससी. दोघांनीही आपापल्या जागी विचार करूनच ठरवलं. फक्त एकमेकांना विचारलं नाही.

रंगाचं प्रकरण त्याहून नाजूक होतं. वाटेत रंग थोडा घसरतोच. आपल्या पद्धतीत एका ओळीत घसरलेला रंग पुढची ओळ उलट्या बाजूने सावरून घेते, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. त्यांच्या पद्धतीत सावरणारं कुणी नाही. म्हणून त्यांच्या संचावर एक जास्तीचं बटण असे, टिंट नावाचं. ते एका बाजूला फिरवलं की सगळं चित्र हिरवट होत जाई, दुसऱ्या बाजूला फिरवलं की गुलाबी. बरोबर मध्यावर एक खाच असे, तिथे बटण टक् करून बसायचं. ‘आपल्याकडे यंत्र सावरतं, त्यांच्याकडे माणसाने सावरायचं,’ असं रंगराव म्हणत, आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात त्या बटणाबद्दल थोडं प्रेम असे. माणसाच्या हाताला काम ठेवणारं बटण होतं ते.

रंग लावण्याची त्यांची रीत एकच होती. आकाश नक्की किती निळं होतं हे कुणालाच माहीत नसतं. मोटार कोणत्या लाल रंगाची होती तेही नसतं. पण माणसाची कातडी कशी दिसते हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून आधी चेहरा लावायचा. चेहरा बरोबर आला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. बातम्या सांगणारी बाई पडद्यावर आली की रंगराव आरशात बघत हळूहळू बटण फिरवत आणि एका क्षणी हात काढून घेत. एकदा एका गिऱ्हाइकाने बाईंचे गाल जरा आणखी गुलाबी करा म्हटलं, तर रंगराव म्हणाले, अहो, त्या बातम्या सांगायला आल्यात, बघायच्या कार्यक्रमाला नाही.

त्यांना एकच मुलगी. गल्लीत सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. लग्न होऊन ती परदेशी गेली, नेमकी दुसऱ्या पद्धतीच्या देशात. शिंप्याने तेव्हाही रंगरावांना सोडलं नाही. जावई बघताना ओळी मोजल्या नाहीत का, असं त्याने भर लग्नात विचारलं होतं.

पुढचं सगळं तीस वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा ताई पंचवीस वर्षांची होती आणि तिला मुलगी झाली होती. वहिनी बाळंतपणाला जाणार होत्या, पण त्यांना दमा होता आणि तिकडे बर्फ पडायला लागला होता. डॉक्टरांनी, थंडी संपेपर्यंत जाऊ नका, असं बजावलं. सामान भरून ठेवलेलं होतं, जायचे कागद तयार होते, आणि वहिनी इथे विणत बसल्या. त्यांनी लेकीसाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणून पाठवला.

बाळंतपणानंतर ताईची पत्रं तोकडी व्हायला लागली. आधी चार चार पानं यायची, आता एक पान, तेही मोठ्या अक्षरात. गल्लीत फोन दोनच, एक शिंप्याकडे आणि एक आमच्याकडे. ताई आमच्या फोनवर महिन्यातून एकदा बोलायची. आवाज थकलेला वाटतो, असं वहिनी म्हणायच्या. रंगराव म्हणायचे, समुद्राखालून येतो तो आवाज, थकणारच. वहिनी हसल्या नाहीत. आवाजावरून कळत नाही, मला ती एकदा डोळ्यांनी बघू दे, मग मी सांगते बरी आहे की नाही, असं त्या माझ्या देखत म्हणाल्या.

मग असं ठरलं. जावयाने एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणायचा, ताईचं आणि बाळाचं चित्रण करायचं आणि कॅसेट पाठवायची. वहिनी ती बघतील. लेक बरी दिसली तर थंडी संपल्यावर जायचं. बरी दिसली नाही तर डॉक्टर काहीही म्हणोत, दमा असो की बर्फ असो, दोघांनी लगेच निघायचं. रंगरावांनाही हे पटलं होतं.

कॅसेट आली तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. वहिनींना धीर नव्हता. ही आपल्याकडच्या मशिनवर नीट दिसणार नाही, हे रंगराव सांगत होते, तरी त्यांनी लावायलाच लावली. पडद्यावर राखाडी, फाटलेलं काहीतरी वर सरकू लागलं. मधूनच एक कपाळ, एक हात दिसे. तिकडची टेप वेगाने पळणारी, आपलं मशीन तिला सावकाश ओढत होतं. त्यामुळे ताईचा आवाज जाड, ओढलेला, एखाद्या पुरुषासारखा आला. वहिनी उठून आत गेल्या. आतून म्हणाल्या, ‘सगळ्या गावाला रंग देता, आणि माझ्या लेकीचा आवाजसुद्धा देता येत नाही तुम्हाला.’

हे त्यांना लागलं. पुढचे तीन आठवडे रंगराव तिकडचा संच आणि तिकडचा व्हीसीआर शोधत हिंडले. शेवटी जहाजावर काम करणारं एक जुनं गिऱ्हाईक सापडलं. त्याच्याकडे दोन्ही होतं, पण इथे चालत नाही म्हणून माळ्यावर पडलेलं. रंगरावांनी त्याला इथला चांगला संच दिला आणि तो तिकडचा घरी आणला. तिकडची वीजही वेगळी, एकशेदहा व्होल्टची. त्यासाठी वेगळा ट्रान्स्फॉर्मर बसवला. संच आतून पुसला, व्हीसीआरचं हेड साफ केलं. दुकानात चार दिवस एकाही गिऱ्हाइकाचं काम झालं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. मी, माझी बायको आणि शिंपी. पडदे ओढून खोली अंधारी केली होती. वहिनी संचासमोर अगदी जवळ, चौरंगावर बसल्या होत्या. रंगराव या वेळी आरसा न घेता पुढच्या बाजूला, संचाशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी कॅसेट आत सरकवली.

चित्र आलं. स्थिर, स्वच्छ, एकही ओळ हललेली नाही. कोचावर ताई बसलेली, अंगात आईने विणलेला स्वेटर, मांडीवर पांढऱ्या दुपट्यात बाळ. आवाज तिचाच. शिंपी ‘वा’ म्हणाला. रंगराव मात्र पडद्याकडे मान तिरकी करून बघत होते.

‘जरा पिवळं मारतंय,’ ते म्हणाले आणि त्यांचा हात टिंटच्या बटणावर गेला.

चार-पाच सेकंदांचं काम होतं. बटण खाचेतून निघाल्याचा टक् असा आवाज मी ऐकला. चेहरा पिवळ्याकडून हळूहळू सरकत आला, एका जागी थांबला, आणि रंगरावांनी नेहमीसारखा हात काढून घेतला. ताई आता अशी दिसत होती की जणू आमच्यातच बसली आहे. गालावर तजेला, ओठ भरलेले. मीच म्हणालो, ‘रंगराव, चेहरा अगदी समोर बसल्यासारखा आलाय हो.’ हे वाक्य माझं आहे. इथे ते लिहून ठेवणं मला भाग आहे.

ताई बोलत होती. खिडकीबाहेरचा बर्फ, बाळाची उचकी, नवऱ्याची रात्रपाळी, तो करतो तो करपलेला नाश्ता. मधेच तिने कोचाला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि उघडले. ‘आई, मी बरी आहे. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस. बर्फ वितळला की ये.’ कॅमेऱ्यामागून जावई काहीतरी विनोद करत होता आणि ती हसत होती.

वहिनींनी मागे न बघता विचारलं, ‘अहो, स्वेटर असा का दिसतोय? मी निळी लोकर घेतली होती. हा मोरपंखी दिसतोय.’

‘चेहरा बघ ना. चेहरा बरोबर आहे की नाही?’

‘चेहरा बरोबर आहे.’

‘मग झालं तर. तिकडच्या पद्धतीत एखादा रंग इकडेतिकडे होतोच. स्वेटरला काय धरून बसलीस?’

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, डोळे लालसर वाटतात. तान्हं मूल आहे, झोप कुठली मिळतेय तिला, असं रंगराव म्हणाले, आणि माझ्या बायकोनेही मान डोलावली. कॅसेट अकरा मिनिटांची होती. त्या दुपारी आम्ही ती तीन वेळा पाहिली. तिसऱ्या वेळी वहिनी पडद्याला हात लावून बसल्या होत्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, बरी आहे. थंडी संपली की जाऊ. रंगरावांनी आम्हाला चहा स्वतः करून दिला. इतका खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिला आहे.

त्यानंतर त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी आमचा फोन वाजला. जावई होता. तो धड बोलू शकत नव्हता. ताईचं यकृत कामातून गेलं होतं, दवाखान्यात नेल्याच्या नवव्या दिवशी ती गेली. बरी होईल या आशेवर त्याने आधी कळवलं नव्हतं. मी चपला न घालता रस्ता ओलांडला. रंगराव एका संचाच्या मागे हात घालून बसलेले होते. त्यांनी मला आधी आरशात पाहिलं. पुढे काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी हातातलं सोल्डरिंग बंद केलं, दोन वेळा प्लग तपासला, आणि मागच्या खोलीचं दार उघडलं, हे आठवतं.

त्यांना तिकडे वेळेवर पोहोचता आलं नाही. सगळं तिथेच उरकलं गेलं.

आता यापुढचं रंगरावांनी सांगितलेलं.

दोन महिन्यांनी जावयाचं पत्र आलं. अपराधीपणा त्याला खात होता. त्याने लिहिलं होतं: डॉक्टर मला विचारत होते, कातडीत आणि डोळ्यांत पिवळेपणा कधीपासून दिसत होता. महिना-दीड महिना आधी आणली असती तर औषधांनी कदाचित सावरली असती, असं ते म्हणाले. मला सांगता आलं नाही. रात्रपाळी करून मी घरी यायचो, खोलीत पिवळा दिवा लावलेला असायचा, रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. तुम्ही कॅसेट पाहिली होती. तुम्हाला त्यात काही दिसलं होतं का?

पत्र वाचलं तेव्हा वहिनी बाजारात गेल्या होत्या. रंगरावांनी कपाटातून कॅसेट काढली आणि संच लावला. बटण त्या रविवारी सोडलं होतं तिथेच होतं. तजेलदार ताई पडद्यावर आली. त्यांनी दोन बोटांनी बटण परत फिरवलं, खाचेत टक् करून बसेपर्यंत. स्वेटर निळा झाला. वहिनींनी घेतलेल्या लोकरीसारखा, नेमका तसा. बाळाचं दुपटं पांढरंच राहिलं. आणि ताईचा चेहरा, गळा, हात आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला.

‘आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की चेहऱ्यावरून रंग लावायचा,’ ते मला म्हणाले. ‘कारण चेहरा कधी चुकत नाही, असं मी धरून चाललो होतो. संच चुकतो, टेप चुकते, तिकडची पद्धत चुकते. माणूस आजारी असेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं. संच बरोबर दाखवत होता भाऊ. मी बटणाला हात लावला नसता तर तो बरोबरच दाखवत होता.’

जावयाला त्यांनी चार ओळींचं उत्तर पाठवलं. आम्हाला काही दिसलं नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, मुलीला सांभाळा. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बायकोशी नेहमीसारखं बोलले.

वहिनींना सांगायला त्यांना चौदा महिने लागले. त्या काळात दुकान चालू होतं. पण तिकडची कॅसेट किंवा संच घेऊन कुणी आलं की ते दुसऱ्या दुकानाचा पत्ता देत. आम्हाला वाटलं, लेकीच्या आठवणीने करवत नसेल. ते खरं होतंच, पण पुरतं नव्हतं. घरात ते वहिनींच्या नजरेला नजर देत नसत. जेवताना ताटाकडे, बोलताना भिंतीकडे. वहिनी मात्र एका शब्दाने विचारत नव्हत्या. त्याचंही त्यांना ओझं होत होतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी दुकान अर्ध्यातच बंद केलं. वहिनी मागच्या खोलीत विणत होत्या. रंगराव समोर बसले आणि जावयाचं पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग बटणाचं सांगितलं, खाचेचं सांगितलं, स्वेटर निळा झाल्याचं सांगितलं. तू बरोबर बोलत होतीस, असं ते म्हणाले. तू स्वेटरचं म्हणालीस तेव्हा मी बटण मागे घेतलं असतं, तर त्याच आठवड्यात आपण निघालो असतो.

वहिनींनी पत्र वाचलं नाही. सुया खाली ठेवल्या.

‘मी तो पाहिला होता,’ त्या म्हणाल्या.

‘काय पाहिलंस?’

‘चेहरा. तुम्ही बटणाला हात लावायच्या आधी. पिवळा होता. मग तुम्ही फिरवलंत आणि ती बरी दिसायला लागली. मला वाटलं, देवा, मशीनच होतं.’

त्या पुढे म्हणाल्या, ‘मला पुन्हा बघायचं होतं. म्हणून स्वेटरचं काढलं. चेहऱ्याचं बोलायची हिंमत नव्हती. तुम्ही म्हणालात स्वेटरला काय धरून बसलीस, तर मला बरंच वाटलं. मी तिची आई. मला कळायला नको होतं? मी हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही केवढ्या कष्टाने तो संच आणला होता.’

चौदा महिने दोघं एकाच घरात, एकाच पडद्यामुळे, एकमेकांपासून लपून राहिले होते. रंगराव म्हणतात, त्या दुपारी आम्ही एकमेकांना काय हवं ते बोलू शकलो असतो. तिने म्हणावं, तुम्ही फिरवलंत. मी म्हणावं, तू गप्प बसलीस. कुणीच बोललं नाही. तिने उठून दिवा लावला आणि मला विचारलं, संध्याकाळी काय करू.

त्यानंतर वहिनी बावीस वर्षं जगल्या. कॅसेट कपाटात होती, ती दोघांनी पुन्हा लावली नाही. दुकानही हळूहळू विझत गेलं. मधल्या काळात कुठल्याही देशाचं चित्र आपणहून ओळखणारे संच निघाले, जुळवायचं काही उरलं नाही, आणि टिंटचं बटणही दिसेनासं झालं. शिंपी गेला. वहिनी सात वर्षांपूर्वी गेल्या, दम्यानेच. आता रंगराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कानाने कमी ऐकतात, आणि मी दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जातो.

यंदा त्यांची नात येऊन गेली. ती तीस वर्षांची आहे, म्हणजे तिच्या आईपेक्षा मोठी. जावयाने पुढे दुसरं लग्न केलं, आणि मुलीला नीट वाढवलं. तिचं मराठी अडखळतं, पण ती ते सोडत नाही. आईचे चार फोटो तिच्याकडे आहेत. आई बोलताना, हलताना तिने कधीच पाहिली नव्हती. अशी एक टेप आहे, हे तिला वडिलांकडून कळलं होतं, आणि तीच मागायला ती आली होती. रंगरावांनी कपाट उघडलं आणि कॅसेट दिली. इथे लावून दाखवायला मशीन उरलेलं नव्हतं. त्यांनी तिला काही सांगितलंही नाही. सांगायचं होतं, पण ती ते खोकं दोन्ही हातांत धरून बसली होती, तिला पाहून तोंड उघडलं नाही, असं ते मला म्हणाले.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलेलो असताना तिचा फोन आला. कमी ऐकू येतं म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात. तिचं सगळं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

तिने ती टेप तिथल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर उतरवायला दिली होती. चित्र खूप छान आलंय, ती म्हणाली. आई बोलते, हसते, मला मांडीवर घेतलंय. ‘पण आजोबा, आईचा चेहरा पिवळा दिसतो. हा माणूस म्हणतो, टेप जुनी झाली, रंग गेले. दोन मिनिटांत ठीक करून देतो म्हणतो. मी दुकानातच आहे. करू दे ना?’

रंगरावांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

‘स्वेटर कुठल्या रंगाचा दिसतो?’ त्यांनी विचारलं.

‘स्वेटर? निळा.’

‘आणि तुझं दुपटं?’

‘पांढरं.’

‘मग रंग गेलेले नाहीत. त्याला सांग, हात लावू नकोस.’

‘पण चेहरा, आजोबा...’

‘चेहरा तसाच होता बाळा. तुझी आई तेव्हा आजारी होती.’

पलीकडे दार उघडल्याचा आणि मग रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आला. ती दुकानाबाहेर आली असावी. मग तिने विचारलं, ‘तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’

रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या खोलीत तेव्हाही होतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

‘माहीत नव्हतं,’ ते म्हणाले. ‘पण दिसलं होतं. मला आणि तुझ्या आजीला, दोघांनाही. तुझ्याकडे वेळ आहे का थोडा?’

आहे, ती म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. मी उठलो, मधलं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.